योस म्हंजी काय?

पाचवी पुजून झाली होती, सटवाई बाळीच्या कपाळावर काय लिहायचं ते लिहून गेली होती, आणि बाळीचा बाप गहिनीनाथ भर दुपारी ओसरीवर उताणा पडून हॉलंड देश बघत होता.

डोळे मिटले की तो देश त्याला लख्ख दिसायचा. तिथे म्हणे समुद्र वर आणि जमीन खाली, मधे फक्त एक बांध. बांधाच्या अलीकडे गुडघाभर गवत, त्यात काळ्यापांढऱ्या गाई, आणि एकाही गाईची बरगडी दिसत नाही. घोडेगावच्या बाजारात जनावराची बरगडी आधी दिसायची आणि मग जनावर. गहिनीनाथाची जिराईत त्याच घोडेगावजवळच्या एका वाडीत होती. पाऊस तिथे मानाच्या पाहुण्यासारखा यायचा, टेकायचा नाही, पाणीसुद्धा न घेता निघायचा. शेजारच्या छगनशी वीतभर बांधावरून गहिनीनाथाची दोन वर्षं बोलाचाल बंद होती. आणि तिकडे माणसांनी बांध घालून अख्खा समुद्र थोपवला होता! या एका गोष्टीसाठी त्याला तो देश आपला वाटू लागला होता.

"गैन्या! निजलास व्हय रं?" आईचा आवाज आला आणि समुद्र ओसरला.

"न्हाई आये. इचार करतोय."

"मग तेवढा नावाचा इचार कर. मुक्ता बारशाला येतीय. आत्याबाईनं पोरीच्या कानात सांगायचं काय? मी तर म्हनते, संतोषी ठिवा."

गहिनीनाथ उठून बसला. नावाचं त्याने करून ठेवलं होतं, पण ते आईला सांगायचं धाडस झालं नव्हतं.

झालं होतं असं. त्याची बायको चांगुणा या खेपेला अडली. सुईणीने हात टेकले तेव्हा गहिनीनाथ अनवाणी धावत नगर-औरंगाबाद सडकेवरच्या दवाखान्यात गेला. तिथे एक गोरी डाक्टरीण होती. जन्माने हॉलंडची, नोकरीला जावा बेटावर. तिच्या देशात जर्मन घुसले, बेटावर जपानी उतरले, आणि ती मिळेल त्या बोटीने मुंबईला येऊन तिथून या सडकेला लागली. नाव योस. सहा फूट उंच, सायकलवरून हिंडायची आणि मराठी बोलायची ती शाळेच्या विष्णुपंत गुरुजींकडून शिकलेली, त्यामुळे ती बोलू लागली की कीर्तनाला बसल्यासारखं वाटे.

योसबाईंनी चांगुणेला ओढून परत आणलं. बाहेर येऊन हात धुता धुता त्या म्हणाल्या, "कन्या झालेली आहे. माता वाचलेली आहे. परंतु पुन्हा प्रसूती झाल्यास मी हिला वाचवू शकणार नाही. आपणांस समजले?"

गहिनीनाथाला समजलं. एवढं समजलं की तो तिथेच मातीत बसला. चांगुणेवाचून हे घर, ही शेती, हा उजेड, यातलं काहीच त्याला डोळ्यांपुढे आणता येईना. आणि नसलेलं डोळ्यांपुढे आणण्यात तर त्याचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता. रडू आणि आनंद एकदमच आला. त्या भरात तो म्हणाला, "बाई, कानिफनाथाची आन! लेकीला तुमचंच नाव ठिवनार. पोरगा आस्ता तरी ठिवलं आस्तं."

योसबाई हसल्या. "तेही चालले असते. आमच्या देशात योस हे नाव मुलाचेही असते, मुलीचेही. माझ्या मामाचे नावदेखील योस आहे." मग गुळाचा चहा घेत त्यांनी त्याला त्या समुद्राची आणि बांधाची गोष्ट सांगितली, ती तेव्हापासून त्याच्या डोळ्यांत वस्तीला होती.

आता आण घेतलेली होती, पण आई होती भीमाबाई. नाव म्हणजे देवाला धाडलेला सांगावा, असं तिचं पक्कं मत होतं. तिला दाखलाही तसाच मिळाला होता. गहिनीनाथाची पहिली दोन मुलं राहिली नाहीत. तिसरा झाला तेव्हा तिने त्याचं नाव पुंजाराम ठेवायला लावलं. पुंजा म्हणजे केरकचऱ्याचा ढीग. असला ऐवज न्यायला देव कशाला येतोय? पुंजाराम जगला, चांगला दणकट निघाला. त्याच्यामागून ओळीने चौघं आली आणि सगळी जगली. आता देवाचा हात थांबवायला हवा होता, तेव्हा तसाच स्पष्ट सांगावा धाडणं भाग होतं. म्हणून संतोषी. आमचा संतोष झाला देवा, आता दुसरं घर बघ.

"आये, नाव ठरलंय," गहिनीनाथ चाचरत म्हणाला. "योस."

"कंचं?"

"योस. डाक्टरीनबाईचं. आन घेतलीया मी कानिफनाथाची."

भीमाबाई जात्याजवळ जाऊन बसली. नाथाच्या आणेपुढे तिचंही चालत नव्हतं. "बरं, म्हंजी काय त्याचा अर्थ?"

हा प्रश्न गहिनीनाथाने योसबाईंना विचारलाच नव्हता. त्याच्या पापण्यांमागे अजून तो समुद्र हलत होता, काठोकाठ भरलेला, बांधाशी येऊन गप्प उभा राहिलेला. त्या समुद्राकडे बघत तो म्हणाला, "म्हंजी... भरलं. काठोकाठ भरलं, आता पुरे."

"पुरे?"

"व्हय. पुरे."

भीमाबाईचा चेहरा असा उजळला की गहिनीनाथाला आपण खोटं बोललो असं वाटेचना. "आगं बया! तिकडंबी हीच रीत हाय म्हनायची! आन् संतोषीपरीस हे बरं. संतोषी म्हंजी आडून सांगनं झालं. हे कसं, तोंडावर."

तिने दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन खात्रीही करून घेतली. तिथे तिने एवढंच विचारलं, "बाई, तुमी कितव्या?" योसबाई म्हणाल्या, "मी सर्वांत धाकटी. माझ्यानंतर कोणी नाही." भीमाबाईला एवढं पुष्कळ झालं. नाव ठेवलं आणि पाळणा थांबला, याहून मोठा पुरावा तिला कोर्टातही लागला नसता.

विहिरीवर पाणी शेंदताना तिने ही गोष्ट दोन बायकांना सांगितली. दोन बायकांनी ती ज्वारीच्या भाकरीबरोबर घरोघर वाढली. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, साखर दिसेना, कापडाला रांगा. कमी पडत नव्हती ती फक्त लेकरं. त्यात हे नाव पोरालाही चालतं आणि पोरीलाही, म्हणजे तर कुठे अडायलाच नको.

सगळ्यांत आधी बांधावरचा वैरी छगन आला. दोन वर्षांनी तो गहिनीनाथाच्या ओसरीवर टेकला.

"गैनूभाऊ, बांधाचं ऱ्हाऊ द्या. त्या नावाचं खरं हाय का?"

"कशाचं?" गहिनीनाथ सावध झाला.

"आवं, माजी नऊ झाली. नववा पाच म्हैन्यांचा हाय, बाजीराव नाव ठिवलंय. म्हंजी देवाला वाटलं आसंल, ह्यांना फौज उभारायचीय. त्याचं बदलून योस ठिवावं म्हनतो. पोराला चालतं ना?"

खरं सांगायची ही वेळ होती. गहिनीनाथाने तोंड उघडलंही. पण दोन वर्षांनी बोलायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत एवढी आशा होती की त्याच्याच्याने ती मोडवेना. "चालतं," तो म्हणाला. "डाक्टरीनबाईच्या मामाचंबी तेच हाय."

बाजीरावाची आत्या बैलगाडी करून आणली गेली आणि एकाच पोराच्या कानात तिला दुसऱ्यांदा नाव सांगावं लागलं. तिने दुसऱ्यांदा लुगडंही घेतलं. मग वरच्या आळीत एक योस झाली, देवळामागे दोन झाले. गहिनीनाथाच्या लेकीचं बारसं उजाडलं तोवर वाडीत सहा योस होते आणि सातवी पाळण्यात पडायची वाट बघत होती. संध्याकाळी कोणी आई दारातून "ए योस!" म्हणून लाडाने बोलली की चार घरांतल्या आज्या माना वळवायच्या. गहिनीनाथ हे सगळं स्वप्नात चालल्यासारखं बघत होता. कधीकधी तर त्याला वाटायचं, एवढी माणसं म्हणतात तर तसाच अर्थ असेलही.

बारशाला सगळी वाडी आली. मुक्ताबाईने बाळीला पाळण्यात घातलं, वाकून कानात "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीत मनसोक्त बुक्के घातले. योसबाई पुढेच बसल्या होत्या. आपलं नाव त्या इवल्या कानात गेलेलं बघून त्यांचे डोळे भरले. त्यांनी स्वतः विणलेलं लोकरीचं टोपडं बाळीला घातलं. घुगऱ्यांच्या वाट्या फिरू लागल्या, आणि गहिनीनाथाला वाटलं, पार पडलं सगळं.

तेवढ्यात विष्णुपंत गुरुजी उभे राहिले. चार माणसं एका जागी बसलेली दिसली की गुरुजींना उभं राहिल्याशिवाय राहवत नसे.

"ग्रामस्थहो, आज आपल्या वाडीत परदेशी नामाची अशी काही लाट आली आहे, की..."

"गुरुजी, घुगऱ्या घ्या," गहिनीनाथ म्हणाला.

"घेतो. की या नामाचा अर्थ आणि उगम खुद्द..."

"गुरुजी, गूळ घ्या."

"अरे, घेतो म्हटलं ना! खुद्द डॉक्टरबाईंच्या मुखातून ऐकण्याची ही संधी आपण का दवडावी? सांगा बाई. निःसंकोच सांगा."

योसबाई उठल्या. पाळण्याच्या कडीला त्यांचं डोकं लागत होतं. "मी अत्यंत आनंदित आहे," त्या म्हणाल्या. "योस हे लहान रूप आहे. मुलगा असल्यास योसेफ, मुलगी असल्यास योसेफिना. आम्ही दोघांनाही प्रेमाने योस म्हणतो. परंतु नाव मुळात आमच्या देशाचे नाही. ते फार प्राचीन काळच्या ज्यू लोकांचे आहे. त्याचा अर्थ असा, की देव आणखी देवो."

पाळण्याची दोरी ओढणारा हात थांबला.

"आनखी?" भीमाबाईने विचारलं. "आनखी काय?"

"अपत्य. एका स्त्रीला पुष्कळ वर्षे मूल नव्हते. मग पुत्र झाला. तेव्हा ती म्हणाली, देव मला आणखी एक देवो. तेच त्याचे नाव झाले."

छगनच्या घशात हरभरा अडकला. त्याच्या बायकोने त्याच्या पाठीत मारलेला धपका हरभऱ्यासाठी होता की नावासाठी, हे बघणाऱ्यांना कळलं नाही. वरच्या आळीतल्या एकीने आपल्या मांडीवरच्या योसकडे असं बघितलं की जणू ते पोर दुसऱ्याचंच आहे. गहिनीनाथाला मात्र एकच गोष्ट विचारायची होती.

"बाई, मग देवानं दिला का तिला आनखी एक?"

योसबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे. दारात चांगुणा उंबऱ्याला टेकून उभी होती, अजून पांढरीफटक. बाई खोटं बोलू शकल्या असत्या, पण तेवढं मराठी गुरुजींनी शिकवलं नव्हतं.

"दिला," त्या हळूच म्हणाल्या. "परंतु त्या प्रसूतीत ती माता गेली."

आणि मग एकदम सगळे बोलू लागले. पाच-सहा बाप गहिनीनाथाभोवती गोळा झाले. "पुरे म्हनला हुतास ना रं?" "माज्या बाजीरावाचं आता काय करू?" भीमाबाई मुक्ताबाईला म्हणाली, "मुक्ते, काढ ते नाव. दुसरं सांग."

मुक्ताबाई पाठ चोळत म्हणाली, "कानात घातलेलं नाव काढाया काय ते पानी हाय, आये? पाठीत बुक्के बसले, नाव पक्कं झालं. आन् दादानं नाथाची आन घेतलीया, ती कशी काढनार?"

छगनला तर पोराचं नाव परत बदलायला तोंडच उरलं नव्हतं. त्याच्या बहिणीने तिसऱ्यांदा यायला चक्क नकार कळवला. तिसरं लुगडं मिळालं तरी एकाच पोराच्या नावाने पाठीत तिसऱ्यांदा बुक्के खायला ती तयार नव्हती.

पाहुणे पांगल्यावर गहिनीनाथ चांगुणेजवळ जाऊन बसला. "मी मनानंच सांगितलं गं," तो म्हणाला. "डोळ्यांसमोर समुद्र भरल्याला दिसत हुता, म्हून."

"मला ठावं हुतं," चांगुणा म्हणाली. "तुमी घोडेगावला बैल बघाया गेल्ता न् ढग बघून माघारी आल्ता, तवापास्नं मला समदं ठावं हाय." आणि ती हसली. थकलेली होती, तरी हसली.

ते हसू गहिनीनाथाला सोसलं नाही. त्याने खुंटीवरची घोंगडी घेतली, काठी घेतली आणि तो शेताकडे निघाला.

"आता कुठं?"

"माळ्यावर. राखनीला. जवारी हुरड्यात आलीया."

पाखरांच्या राखणीला उभारलेला तो लाकडी माळा. त्या संध्याकाळी गहिनीनाथ त्यावर चढला आणि आडवा झाला. थोड्या वेळाने बांधापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. छगनसुद्धा घोंगडी घेऊन आपल्या माळ्यावर चढत होता. त्याच्यापलीकडे तिसरा बाप होता, ओढ्याच्या अंगाला चौथा. देवाने आणखी द्यायचं ठरवलंच, तर निदान आपण घरी नसावं, असा सगळ्यांनी आपापला विचार केला होता आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही. बायकांनीही अडवलं नाही. उलट भाकरी वेळेवर शेतावर पोचू लागली.

ज्वारीला त्या वर्षी जेवढी राखण झाली तेवढी कधी झाली नव्हती. पाखरंही बिचारी लांबून जायची. ज्वारी निघाली तेव्हा कणसांची राखण सुरू झाली, मग खळ्याची, मग कडब्याची. माणसं शेतात अशी रुळली की त्यांना घराच्या आढ्याचा कंटाळा येऊ लागला. अंधार पडायच्या आधी ती गहिनीनाथाच्या माळ्याखाली जमत, आणि तो त्यांना हॉलंड दाखवी. आधी कोणी त्याचं ऐकायचं नाही. आता ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं. हळूहळू त्यांनाही दिसू लागलं. वाऱ्यावर हलणारी ज्वारी नसली तरी रिकाम्या रानावर चांदणं पडे, आणि छगनसारखा हिशेबी माणूस हनुवटीवर हात ठेवून म्हणे, "गैनूभाऊ, आज पानी बांधाच्या लई वर आलंय, न्हाई का?"

एकदा भाकरी घेऊन चांगुणा स्वतः आली. अंगावर मांस आलं होतं, गालावर रंग आला होता, कडेवर टोपडं घातलेली योस होती. तिने सगळीकडे नजर फिरवली.

"जवारी निघाली. खळं झालं. कडबाबी घरी आला. आता रानात निस्ती ढेकळं हायती. कशाची राखन करताय?"

गहिनीनाथाने तिच्याकडे बघितलं. एरवी तो लांब कुठेतरी बघायचा, त्या दिवशी तिच्याकडेच बघितलं.

"तुजी," तो म्हणाला.

चांगुणेने भाकरीचं फडकं सोडून त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याचं जेवण होईपर्यंत ती तिथेच ढेकळावर बसून राहिली.

वर्ष उलटून गेलं आणि योसबाई सायकलवरून वाडीत आल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. "मी चिंतित आहे," त्या भीमाबाईला म्हणाल्या. "आसपासच्या सर्व गावांतून मला प्रसूतीसाठी बोलावणी येतात. या वाडीतून एकही नाही. इथल्या स्त्रिया आजारी आहेत काय?"

"आजारी?" भीमाबाईने त्यांना हाताला धरून ओसरीवर बसवलं. "आवं, कवा नव्हत्या एवढ्या धडधाकट हायती. सात नावं ठिवली, त्या सातबी घरांत पुन्यांदा पाळना हालला न्हाई. तुमच्या नावाचा गुन हाय हो!"

"परंतु माझ्या नावाचा अर्थ तर..."

"ऱ्हाऊ द्या," भीमाबाई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुमी लई शिकल्याल्या, पन तेवढा अर्थ तुमाला कुनीतरी चुकीचा सांगितला. योस म्हंजी पुरेच. माजा गैन्या म्हनला तेच खरं. आमी इथं परतेक्ष बघितलं." मग तिला त्या उंच बाईचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला. तिने योसबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लढाई संपली का घरी जा, आन् आयेला इचारा. नाव तिनंच ठिवलं आसंल, तिला बराबर ठावं आसंल."

जर्मनांनी देश घेतल्यापासून योसबाईंना घरून एक ओळ आलेली नव्हती. आई आहे की नाही, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. वाडीत आजवर त्यांना सगळ्यांनी पोटदुखी विचारली होती, ताप विचारला होता. आई कोणी विचारली नव्हती. त्यांनी अंगणातल्या योसकडे बघितलं. ती पोर उभं राहायचं शिकत होती आणि दर खेपेला मातीत बसत होती.

"विचारीन हं," त्या म्हणाल्या. आणि हे त्यांनी विष्णुपंत गुरुजींच्या मराठीत म्हटलं नाही, वाडीत सगळे म्हणतात तसं म्हटलं.

"इचारा. आन् म्हनावं, तुमची एक तिकडं धाडलीत, तिथं आता सात झाल्या," भीमाबाई म्हणाली आणि चहाला गूळ फोडायला आत गेली.